निळाईचं माप

जावई कामाला होता त्या दुकानातलं तेल नावेच्या मशीनला वापरलं तर घराच्या पदरात काय काय पडेल, हे नावाडणीनं तिकिटांच्या खोलीत बसून वाटाणे सोलता सोलता मोजून टाकलं. पहिलं म्हणजे तेल स्वस्त. पण ते तिनं फारसं धरलं नाही. स्वस्ताईवर भाळायचं काम नवऱ्याचं. दुसरं, जावयाला मान. नव्या मालाला गिऱ्हाईक आणलं तर मालक त्याला पुढच्या बाजूला, गल्ल्याशेजारी खुर्ची देणार होता. आतापर्यंत तो मागं टायरांच्या ढिगावर बसून जेवायचा. आणि तिसरं, पहिल्या दोन्हींपेक्षा जड, ते म्हणजे लेक. लेक वर्षभरात दोनदा पिशवी घेऊन माहेरी आली होती. दोन्ही वेळा नावाडीण स्वतः तिला पोचवायला गेली. दुसऱ्या वेळी विहीणबाईंनी दोघींना दारातच उभ्याउभ्या पाणी दिलं आणि पेले परत घेताना म्हणाल्या, आता तिसऱ्यांदा दमवू नका स्वतःला. तिसऱ्यांदा म्हणजे काय, ते कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

अशा जावयानं लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीकडे काही मागितलं होतं, आणि तेही एवढंच, की माझ्याकडचं तेल वापरा. आता याला नाही म्हणायला जीभ कशी रेटायची?

जावई आला तो चार डबे घेऊनच. खुर्चीवर बसला, एक डबा गुडघ्यावर उभा केला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तेल कसं दाट आहे, कसं ताकदीचं आहे, शहरात सगळे हेच मागतात, हे त्यानं दुकानात पाठ केलेल्या क्रमानं सांगितलं. नावाडी मान डोलवत होता. मुलगा, म्हणजे नाव चालवणारा, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं डबा हातात घेतला, फिरवला आणि म्हणाला, "दाजी, यावर दुचाकीचं चित्र आहे."

"मेहुणे, चित्र काय, बाईचंही काढतात. आत तेलच असतं."

सगळे हसले. मुलगाही हसला. सून चहा घेऊन आली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. नावाडणीनं मात्र हसता हसता जावयाच्या हाताकडे पाहिलं. त्याची बोटं डब्याच्या कडेवर वाजत होती, वर्ग सुरू व्हायच्या आधी शाळेतल्या नव्या पोरांची वाजतात तशी. यालाही नोकरीची धास्ती आहे, तिच्या मनात आलं, आणि तिला त्याची थोडी दया आली. हिशेबात दया आली की बेरीज चुकते, हे तिला कळायला हवं होतं.

त्या हंगामात मशीनला खाडा परवडणार नव्हता. नदीवरच्या पुलाचे मधले दोन गाळे गेल्या पुरात वाहून गेले होते आणि ते पुन्हा बांधायचं काम पलीकडच्या काठावरून चाललं होतं. मजूर राहायचे अलीकडे. त्यांना सकाळी नेणं, दुपारी जेवणाचे डबे नेणं, संध्याकाळी आणणं, हे सगळं काम मुकादमानं या घराच्या नावेला दिलं होतं. अट एकच. नाव एकदा जरी मधल्या पाण्यात बंद पडली, तर दुसऱ्या दिवसापासून काम भोंग्याला. भोंग्या म्हणजे धक्क्यावरचा दुसरा नावाडी. त्यानं नावेला ट्रकचा भोंगा बसवला होता आणि तो उगाचच वाजवायचा. तो रोज सकाळी आपली रिकामी नाव धक्क्याला बांधून, विडी ओढत या नावेच्या मशीनकडे बघत बसायचा. नुसता बघायचा.

जावई गेल्यावर नावाडी डबा घेऊन मिस्त्रीकडे गेला. दाखवायला म्हणून, विचारायला नव्हे. मिस्त्रीनं बोटावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला.

तो म्हणाला, तेल खोटं नाही. पण हे वाऱ्यानं गार होणाऱ्या गाडीचं. आपलं मशीन नदीचं पाणी ओढून गार होतं, त्याला नावेच्या मशीनचंच तेल लागतं, जळल्यावर राख मागं न ठेवणारं. हे वापराल तर चालेल आज, चालेल उद्या, मग राख पिस्टनच्या रिंगांत बसेल. एवढं ऐकून नावाडी उठायला लागला तेव्हा मिस्त्रीनं त्याची बाही धरली.

"आणि बुवा, वापरणारच असाल तर रंगावर मिसळू नका. याचा निळा रंग फार गडद आहे. माप घ्या."

हे मात्र नावाड्याला लागलं. कारण धक्क्यावर त्याची जी काही पत होती ती त्या रंगावरच होती. मशीन चालवायचं मुलानं, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं म्हाताऱ्यानं, अशी घरातली वाटणी होती आणि तीस वर्षं त्यात कुणी हात घातला नव्हता. रोज उजाडताना तो पेट्रोलच्या कॅनमध्ये तेलाची धार धरायचा, कॅन छातीशी कवटाळून हलवायचा, मग त्यातलं थोडं एका काचेच्या बाटलीत काढून तिकिटांच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीसमोर धरायचा. तेल निळं. पेट्रोलला त्याची फिकट निळाई चढायची. ती निळाई नेमकी कोणती हवी, हे त्याच्या डोळ्यात बसलेलं होतं. कमी वाटली तर आणखी एक धार. धक्क्यावरचे बाकीचे, अगदी भोंग्यासुद्धा, आपल्या बाटल्या त्याच्याकडे आणून विचारायचे, बुवा, झालं का? आणि तो एक डोळा मिटून म्हणायचा, झालं. किंवा म्हणायचा, पाणी पाजतोस का मशीनला?

मिस्त्रीकडून येताना त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, की मिस्त्रीच्या पोटात दुखतंय, तेल आता त्याच्याकडून घेत नाही ना आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा खोकल्याच्या औषधावरचं मापाचं झाकण घेऊन धक्क्यावर आला. मिस्त्रीनं दिलं होतं. दहा लिटरच्या कॅनला अशी वीस झाकणं. मजूर नावेत चढत होते, भोंग्या विडी पेटवत होता, नावाडणीनं खोलीची खिडकी उघडली होती.

"बाबा, आजच्या दिवस मोजून बघू का?"

म्हाताऱ्यानं बाटली भिंतीसमोर धरलेली होती. ती खाली न घेता तो म्हणाला, "खोकला मला झाला नाही." मजूर हसले. मग त्यानं झाकण मुलाच्या हातातून काढून नदीत टाकलं. रागानं नाही, उष्टं टाकावं तसं. मुलगा पाण्याकडे बघत राहिला. झाकण थोडा वेळ तरंगलं, मग भरलं आणि गेलं. सव्वीस वर्षांचा बाप्या, महिन्याभरात स्वतः बाप होणार, आणि चौदा मजुरांसमोर कानाच्या पाळ्या लाल. त्यानं वाकून कॅनची नळी मशीनला जोडली, दोरी ओढून ते चालू केलं आणि नाव सोडली.

नावाडणीला वाटलं, खिडकीतून काहीतरी बोलावं. पण कुणाच्या बाजूनं बोलायचं हे ठरेपर्यंत नाव पाण्याच्या मध्यावर गेली होती.

पहिले आठ दिवस जो तो खूश. जुन्या तेलाचा निळसर धूर मागं बसणाऱ्या मजुरांच्या तोंडावर यायचा. तो जवळजवळ थांबला. सून म्हणाली, यांच्या कपड्यांना आता वास येत नाही, साबण कमी लागतो. नावाडी येईल त्याला सांगायचा, जावयाचं तेल आहे. मशीनचा आवाजही बदलला होता. पूर्वी तो घोगरा, भरलेला असायचा. आता कोरडा आला, राखेनं भांडं घासल्यासारखा. दुपारी काठाला लागल्यावर मुलगा मशीनच्या झाकणावर हात ठेवायचा आणि लगेच उचलायचा. मग तो हात पाण्यात बुडवून ठेवायचा. हे नावाडणीनं तीन दिवस खिडकीतून पाहिलं. चौथ्या दिवशी सुनेला त्याच्या तळहाताला खोबरेल लावताना पाहिलं.

आणि डबा सरेना.

जुना एक लिटरचा डबा बरोबर पाच दिवसांत संपायचा. सहाव्या दिवशी सकाळी नावाडी नव्या डब्याचं सील दातानं तोडायचा, हे इतकं ठरलेलं की नावाडीण त्यावरून दिवस मोजायची. जावयाचा तेवढाच डबा पाचव्या दिवशी अर्ध्याच्या वर. आठव्या दिवशी हलवला तर आत डुबुक डुबुक. दहाव्या दिवशी तिनं नवऱ्यापुढे तो आपटला.

"अहो, हा सरत का नाही?"

"चांगला माल आहे म्हणून. दाट आहे. थोड्यात काम होतं."

"फोडणीला रोज पळीभर तेल जातं, आणि बुधली भरलेली राहिली, तर मी काय समजू? बुधली चांगली आहे?"

नावाडी हसला. तिच्या बोलण्याला तो नेहमीच हसायचा, हसून ते बाजूला ठेवायचा. म्हणाला, रंग तर बघ, रोज भिंतीसमोर धरतो, तीळभर कमी नाही. आणि ते खरंच होतं. तिनंही बाटली पाहिली होती. निळाई तीच होती, तीस वर्षं तिनं त्या भिंतीसमोर पाहिलेली. म्हणून तर तिला जास्त भीती वाटली.

अकराव्या दिवशी दुपारी ती मिस्त्रीकडे गेली. स्टोव्हचा पंप नेला होता, निमित्ताला. पंपाला काही झालं नव्हतं हे मिस्त्रीला पहिल्या दाबातच कळलं. तो पंप बाजूला ठेवून थांबला. तिनं डबा किती दिवस पुरला ते सांगितलं. मिस्त्रीनं हात पुसले.

"वहिनी, रंग आहे, तेल नाही. निम्म्याहून कमी जातंय. नावेवर ताण पडला नाही तोवर चालेल. पडला की आत लोखंडाला लोखंड घासेल." आणि मग म्हणाला, "मी आलो सांगायला तर बुवा मला हाकलतील. तुम्ही सांगा. नाहीतर पोराला सांगा, गुपचूप वीस झाकणं घालेल."

ती वाटभर वाक्य जुळवत आली. नवऱ्याला दुखवायचं नाही, जावयाचं नाव घ्यायचं नाही, फक्त एवढंच म्हणायचं की मुलगा उद्यापासून आणखी थोडं घालेल. घराशी आली तर अंगणात जावयाची दुचाकी उभी. ओट्यावर लेक बसलेली, नव्या साडीत, आणि तिच्या हातात पिशवी नव्हती. पिशवी नाही हे नावाडणीनं आधी पाहिलं, मग लेकीचं तोंड पाहिलं. लेक हसत होती. जावयाला खुर्ची मिळाली होती. धक्क्यावरचे आणखी दोघे तेलासाठी विचारून गेले होते, म्हणे खुद्द बुवांची नाव त्यावर चालते, मग काय बघायचं. लेक आईच्या कानाशी येऊन म्हणाली, सासूबाईंनी काल मला जेवायला आपल्याबरोबर बसवून घेतलं.

नावाडणीनं चहा टाकला. मुलगा संध्याकाळी आला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं. पण जावई त्याच्याशीच बोलत बसला. मग सगळे जेवले. मग दोघं गेली. मग मुलगा दमून पडला होता. आणि नावाडणीनं मनाशी म्हटलं, उद्या. सांगितलं तर सगळी जावयाला विचारणार, तो मालकाला तोंड देऊ शकणार नाही, आणि राग काढायला त्याच्या घरात एकच माणूस आहे, लेक. आठ दिवस जाऊ देत. खुर्ची पक्की होऊ दे. मशीन काय, आजवर चाललंच ना?

तिसऱ्या दिवशी वरच्या धरणातून निरोप आला, दोन दिवसांत पाणी सोडणार. मुकादमाला त्याआधी खांबांचे पाये उरकायचे होते. त्यानं मजूर वाढवले, खेपा वाढवल्या. चौदाच्या जागी एकोणीस माणसं, वर सिमेंटच्या गोण्या. नावेची कड पाण्यापासून वीतभर. मुलानं म्हटलं, दोन खेपा करू. मुकादम म्हणाला, भोंग्या एकात करतो म्हणतोय.

पाणी सांगितल्या वेळेआधी आलं. तिसऱ्या प्रहरी नदीचा रंग बदलला, काठावरची दगडं एकेक करून दिसेनाशी झाली, आणि फांद्या वाहत येऊ लागल्या. सकाळची निळी बाटली अजून खिडकीत होती. शेवटची परतीची खेप निघाली तेव्हा ऊन बऱ्यापैकी वर होतं, आणि नावाडीण खिडकीशी उभी राहून सगळं बघत होती. नाव प्रवाहाला तिरकी धरून मुलगा मशीन पूर्ण ताणून येत होता. कोरडा आवाज बारीक झाला, आणखी बारीक, शिट्टीसारखा. नावाडी पायरीवर बसला होता तो उठून उभा राहिला.

मग आवाज गेला.

मुलानं दोरी ओढली. दोरी हलली नाही. झाडाला बांधलेली दोरी ओढावी तशी त्यानं ती दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली, आणि मशीनऐवजी नावच डुलली. काठावरच्या बायका ओरडल्या. वल्ही होती दोन; त्यातलं एक, पाणी चढतंय म्हणून परत आणलेल्या गोण्यांखाली. दुसरं त्यानं घातलं, पण एका वल्ह्यानं नाव गोल फिरते, पुढे जात नाही. प्रवाहानं तिला उचलून पुलाच्या अर्धवट खांबाकडे नेलं. खांबातून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या होत्या. मजुरांनी सळ्या धरल्या, एकमेकांना धरलं. नाव खांबावर आपटू नये म्हणून मुलगा पुढच्या टोकाला आला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. नाव एकोणीस माणसांच्या वजनानिशी आली. डावा हात निसटला. उजवा कड आणि काँक्रीट यांच्यामध्ये राहिला.

त्याचा आवाज धक्क्यापर्यंत आला नाही. नावाडणीनं फक्त त्याचं डोकं खाली जाताना पाहिलं, काहीतरी शोधायला वाकल्यासारखं.

भोंग्यानं त्यांना दोन खेपांत काढलं. सबंध वेळ भोंगा वाजत होता.

चार बोटांपैकी तीन गेली. अंगठा राहिला, करंगळी राहिली. डॉक्टर म्हणाले, हात वाचला म्हणा.

दोन दिवसांनी मिस्त्रीनं मशीन अंगणात उघडलं. मुकादम आला होता, जावईही आला होता, दुचाकीवरून एकटाच. मुलगा दवाखान्यात, सून त्याच्यापाशी. मिस्त्रीनं पिस्टन बाहेर काढायला लाकडाच्या तुकड्यावर हातोडी मारली, तरी तो पटकन निघेना. निघाला तेव्हा त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, नखानं ओरबाडल्यासारखे, आणि बोट फिरवलं तर बोटाला ओल लागली नाही. मिस्त्रीनं ते कोरडं बोट सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"हे तेलाशिवाय मेलं. किती घालत होतात?"

नावाड्यानं पिस्टनवरून नजर काढली. दोन दिवसांत तो इतका वाळला होता की सदरा दुसऱ्याचा वाटत होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. जावई आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याची बोटं मांडीवर वाजत होती. मुकादमानं घड्याळ पाहिलं. मिस्त्री वाट बघत होता. त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला माहीत आहे हेही माहीत होतं.

नावाडीण म्हणाली, "तेल बरोबर होतं. पोरगा दोन दिवस मशीन फार ताणत होता. मी खिडकीतून बघत होते."

अंगणात सगळ्यांचा श्वास सुटला. मुकादम लगेच म्हणाला, हो, मीही पाहिलं, पोरांना दम नसतो. नावाड्यानं मान खाली घातली, पण ती मान आता वेगळी होती. तीस वर्षांचा डोळा त्याला परत मिळाला होता. जावयानं खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि सासूला म्हटलं, मेहुण्यांना काही लागलं तर सांगा. मिस्त्रीनं एक एक भाग गोणपाटात गुंडाळला. जाताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, वहिनी, तुमचा स्टोव्हचा पंप घेऊन जा, माझ्याकडे कधीचा पडलाय.

त्यानंतर ज्याचं त्याला मिळालं. जावयाची खुर्ची पक्की झाली. लेकीला दिवस गेल्याचा निरोप विहीणबाईंनी स्वतः पाठवला. धक्क्यावरचे लोक अजूनही नावाड्याकडे बाटल्या आणतात, आणि तो एक डोळा मिटून सांगतो, झालं. मुकादमाचं काम भोंग्याकडे गेलं. पोरगा चालवायला आडदांड आहे, मशीन खातो, असं धक्क्यावर बोललं जातं, आणि ते ऐकल्यावर दुसऱ्या कुणी त्याला आपल्या नावेवर घेतलं नाही. तसाही त्या हातानं दोरी धरता येत नव्हती. सुनेला बाळ झालं. ती सासूशी नीट बोलते, विचारलं तेवढंच.

मुलानं आईला काही विचारलं नाही. अंगणात काय बोललं गेलं ते त्याला कुणीतरी सांगितलं असणार, कारण धक्क्यावर कुठलीच गोष्ट तीन दिवसांहून जास्त लपत नाही.

हाताची पट्टी बदलायला पलीकडे जावं लागे. एके सकाळी नावाडीण त्याच्याबरोबर निघाली. भोंग्याच्या नावेत मजूर दाटीनं बसले होते, दोघांना मध्ये जागा करून दिली. मशीन चालू झालं, घोगरं, भरलेलं, मागं निळसर धूर सोडत. मुलगा त्या धुराकडे तोंड करून बसला. खांबापाशी नाव आली तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत, तिनं मिटले.

एका नावाड्यानं दुसऱ्या नावाड्याकडून भाडं घ्यायचं नाही, असा त्या धक्क्यावर सगळ्यांचा रिवाज. बापाची नाव बंद पडली तरी बापाला कुणी भाडं मागत नाही. पलीकडे लागल्यावर भोंग्या पुढून एकेकाच्या हातातून नाणी घेत आला. मुलापाशी आला तेव्हा क्षणभर थांबला. मुलानं डावा हात अंगावरून आडवा नेऊन उजव्या खिशात घातला. वेळ लागला, कापड अडकलं. नावाडणीला वाटलं, भोंग्या आता हसून पुढे जाईल, राहू दे म्हणेल, तिनं मानही तशी वर केली.

भोंग्यानं हात पुढे केला. दोघांचं भाडं मुलानं दिलं.